जास्तीचं कापड

"कापड ओढायचं नाही. खालचे दाते त्याला पुढे नेतात, तू नुसता हात ठेव बाजूला. ओढलंस की टीप वाकडी जाते, आणि सुई मोडते ती वेगळीच."

नवीन लग्न झालं होतं तेव्हा मास्तरांनी तिला हे सांगितलं होतं. त्या वेळी तिनं सुया मोडल्या त्या मोडल्याच, एकदा तर बोटातूनही आरपार घातली. पण पुढे हात असा बसला, की मास्तरांची टीप कोणती आणि मास्तरीणबाईंची कोणती, हे गिऱ्हाइकांना सांगता येईना. आता केस पांढरे झाले तरी मशीनवर बसलं की तो आवाज तिच्या कानाशी येई. आज दुपारीही आला. फरक इतकाच, की आज सुईखाली गिऱ्हाइकाचं कापड नव्हतं. मास्तरांचाच निळ्या रेघांचा शर्ट होता, आणि मास्तरांचा डोळा चुकवून ती तो दोन्ही बाजूंनी आत घेत होती.

पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, असं त्यांचं घर. मधे दार होतं, पण ते कधी लागलंच नाही. एक पडदा तेवढा होता. त्या पडद्यामागच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून मास्तरांची खाट होती. पोटात गाठ निघाली, उपचार झाले, आणि मग एक दिवस डॉक्टरांनी मास्तरीणबाईंना बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, "आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही. घरी ठेवा, आनंदात ठेवा, त्यांच्या मनाला येईल ते करू द्या." तिनं सगळं ऐकून घेतलं. पण त्यातलं "घरी ठेवा" एवढंच तिनं पदरात बांधून घेतलं, बाकीचं तिथेच बाकड्यावर ठेवून आली.

शर्टांची गोष्ट त्यानंतर सुरू झाली. एका सकाळी मास्तर आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शर्ट घातलाय की खुंटीला अडकवलाय, काही कळत नाही." ती हसली. पण ते वाक्य तिला दिवसभर सोडेना. दुपारी ते झोपल्यावर तिनं तोच शर्ट बगलेपासून खालपर्यंत उसवला, कापड आत वळवलं आणि नवी टीप मारली. कापलं मात्र काही नाही. जो कपडा पुन्हा सोडायचा असतो त्याला कात्री लावायची नाही, हीदेखील मास्तरांचीच शिकवण. बरे झाले की अंग धरतील, मग एका दुपारच्या कामात सगळं पूर्ववत होईल, असा तिचा विचार. मग दुसरा शर्ट, मग तिसरा, मग पुन्हा पहिला, कारण तोवर तोही ढगळ होऊ लागला होता.

शर्ट अंगाला असे चपखल बसू लागले, की येणारे-जाणारे म्हणत, "मास्तर, तब्येत काही फारशी उतरलेली नाही हं." आणि गंमत अशी, की तिलाही ते खरं वाटू लागलं. स्वतःच्या हातांनी केलेल्या करामतीला ती स्वतःच फसली. डॉक्टर इंजेक्शन द्यायला घरी आले आणि त्यांनी विचारलं, "वजन उतरल्यासारखं वाटतंय का?" तेव्हा ती ठामपणे म्हणाली, "छे, शर्ट अगदी मापात बसतोय की." डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर पंख्याकडे बघत होते.

रोज सकाळी चहाचा घोट घेण्याआधी ती हात जोडून बसे. पूर्वी पुष्कळ काही म्हणत असे, हल्ली एवढंच म्हणे, "ह्यांना माझ्यापाशी ठेव." चहातली साखरही तिनं सोडली होती. हा देवाशी सौदा नव्हे, असं ती स्वतःला बजावत असे. पण मनात तराजू धरलेला असे, आणि त्याची दांडी कुठे झुकते इकडे एक डोळाही.

आणखी एक गोष्ट होती, ती तिनं देवाच्याही कानावर घातली नव्हती. आजाराचं कळलं त्याच आठवड्यात मास्तर म्हणाले होते, "ताईकडे जाऊन राहावंसं वाटतंय थोडे दिवस." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं. बसनं गेलं तर सकाळी निघून दुपारी पोचावं इतक्या अंतरावर तिचं घर, मागच्या बाजूला पडवी आणि पडवीसमोर नदी. मास्तरीणबाई चटकन म्हणाल्या होत्या, "बरे झालात की जाऊ ना." मास्तर "बरं" म्हणाले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पण ते बोलणं तिच्या आत काट्यासारखं राहून गेलं. एवढा संसार केला, एका दिव्याखाली बसून डोळे फोडले, आणि आता या वेळी ह्यांना बहीण आठवते. तिकडे गेले आणि तिकडेच... याच्या पुढे ती मनालाही जाऊ देत नसे. नणंदेचा फोन आला की ती म्हणे, "आत्ताच डोळा लागलाय हो त्यांचा." दर वेळी तो लागलेला असेच असं नाही. आणि मधे नुसता पडदा.

मग एका सकाळी ती दुकानाचं दार उघडते तो समोर नणंदबाई. एका हातात पिशवी, दुसरा गुडघ्यावर.

"दारातच उभी करणार आहेस, की आत ये म्हणशील?"

"या ना वन्सं. कळवलं असतंत तर..."

"कळवलं असतं तर तू म्हणाली असतीस, झोपलाय. लहानपणी मारून मुटकून निजवावं लागायचं या मुलाला. म्हातारपणी इतकी झोप आणली कुठून, म्हटलं बघून तरी येऊ."

मास्तरीणबाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "ताई, जागा आहे गं मी."

"बघ, उठला," नणंदबाई म्हणाल्या आणि चपला काढून सरळ आत गेल्या.

ती चहा टाकायला गेली, पण कान तिकडेच. नणंदबाई खाटेशी स्टूल ओढून बसल्या होत्या. "काय रे गुंड्या, काय करून घेतलंस हे?" असं काहीसं ऐकू आलं. चहा घेऊन आत गेल्यावर तिच्यानं राहवेना. तिनं विचारलं, "गुंड्या कोण?"

"म्हणजे तुला सांगितलं नाही यानं?" नणंदबाईंना भलताच आनंद झाला. "अगं, एवढासा होता तेव्हा वडिलांच्या कोटाची गुंडी गिळली यानं. झालं, मी शाळा बुडवून याच्या मागे मागे, भांडं घेऊन."

"ताई, चहा पितोय मी."

"पी की. तेव्हाही असाच तोंड वर करून बसायचास, जसं काही माझंच काहीतरी हरवलंय. सापडली शेवटी. वडील ओरडतील म्हणून धुऊन पुसून परत कोटाला लावली मी. तोच कोट घालून ते ऑफिसात जायचे. साहेबांपुढे जाताना ती गुंडी लावून जायचे."

मास्तर हसले. हसताना खोकले, खोकताना पुन्हा हसले, आणि डोळ्यांतून पाणी काढत भिंतीला टेकले. मास्तरीणबाईही हसल्या, पण आत कुठेतरी चिमटा बसला. हे हसणं तिनं किती महिन्यांत ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? "हसू नका, खोकला येतो," असं तीच तर त्यांना सांगत आली होती. आणि एवढ्या वर्षांत गिळलेल्या गुंडीची गोष्ट तिला एकदाही कळली नव्हती. नवऱ्याच्या अंगाचं माप तिला झोपेत पाठ होतं. पण तो तिच्या वाट्याला आला तो मोठा होऊन आला. त्याच्या आधीचं सगळं त्या बाईकडे होतं.

दुसऱ्या दिवशी नणंदबाईंनी कोमट पाणी आणि पंचा घेतला. मास्तर आपलं अंग आपणच पुसत. बायकोपुढे फक्त पाठ करत, उरलेलं, "मी बघतो, तू जा." बनियन चढवल्यावरच शर्टासाठी तिला हाक मारत. नणंदबाईंना हा नियम कुणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी त्यांनी तो पाळला नसता.

"हात वर कर. वर, वर. काखेत माती साठवायचास आधीपासून." मग, "वहिनी, जरा इकडे ये."

मास्तरांच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांवरून कमरेपर्यंत लाल रेघ उतरली होती. जणू कुणी दोरी आवळून बांधली असावी. एके ठिकाणी कातडी सोलवटली होती.

"कशानं झालं हे?"

"चादरीची घडी रुतते," मास्तर म्हणाले.

नणंदबाईंनी उशाशी पडलेला शर्ट उचलला आणि उलटा केला. आत कापडाचे पदरच्या पदर वळवलेले, एका टिपेच्या आत दुसरी टीप, आणि सगळं मिळून दोरखंडासारखं जाड. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. ज्या बाईची जीभ घडीभर टाळ्याला लागत नसे, ती बाई एक अक्षर बोलली नाही. "थोडं तेल गरम करून आण," एवढंच म्हणाली. त्या न बोलण्यानं मास्तरीणबाईंना जे लागलं, ते बोलण्यानं लागलं नसतं.

गिऱ्हाइकाचा शर्ट तिनं आतून असा ठेवला असता, तर मास्तरांनी तो तिच्याच अंगावर भिरकावला असता. कॉलर मानेला टोचू नये म्हणून ती स्वतःच्या गालावर घासून बघायची सवय असलेली बाई. आणि रोज सकाळी स्वतःच्या हातांनी हा शर्ट ती त्यांच्या अंगात घालत होती, बटणं लावत होती, वर चार पावलं मागे सरकून बघत होती.

दुपारी नणंदबाई दुकानातल्या कापायच्या फळीवर आडव्या झाल्या आणि घोरू लागल्या. मास्तरीणबाई उघड्या अंगाच्या मास्तरांना चादर पांघरून खाटेच्या कडेला बसल्या. मांडीवर तो शर्ट.

"कधीपासून टोचतंय?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुझी टीप न ओळखायला मी काय गिऱ्हाईक आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू खूश दिसायचीस. म्हटलं, असू दे."

तिनं सुईच्या टोकानं टाका उचलला. "उसवून टाकते सगळं."

"उसवू नको. टीप चांगली पडलीय. आतलं जास्तीचं कापून टाक."

तिचा हात थांबला. "कापलं की परत सोडता येत नाही."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "मीच शिकवलंय."

पलीकडे नणंदबाईंचं घोरणं तेवढं चालू होतं. ती शर्टाकडेच बघत म्हणाली, "तुम्हाला वन्संकडे जायचंय ना अजून?"

"जायचंय."

"माझ्या हातून काय कमी पडलं, तेवढं सांगा."

"काही नाही गं. पण तुझ्यासमोर मला रोज बरं दिसावं लागतं. सकाळी तू पडदा सारतेस आणि आधी माझ्या तोंडाकडे बघतेस. मी आधीच जागा होऊन तोंड हसरं करून ठेवलेलं असतं. दोन घास जास्त गेले की तुझा दिवस चांगला जातो, म्हणून ढकलतो. करतो त्याचं काही नाही, तुझ्यासाठीच करतो. पण दमायला होतं." ते थोडे थांबले, श्वास घेतला. "ताईनं मला तापात बघितलंय, नाक गळताना बघितलंय. तिच्यापुढे आजारी असलं तरी चालतं."

तिच्या डोळ्यांतून पाणी निळ्या रेघांवर पडलं. "माझ्यापुढेही चालेल. आजारीच राहा तुम्ही, मी काही म्हणणार नाही."

"राहतो की. दुसरं काय करतोय?"

ती रडता रडता हसली. मग म्हणाली, "मी येते बरोबर. तिथेच राहीन."

"सोडायला ये. पण मुक्काम ठोकू नको. शाळा उघडायच्यात, पोरांचे गणवेश अर्धे पडलेत, दुकान बंद ठेवू नको. शनिवारी येत जा, सोमवारी परत जा."

"आणि मधल्या दिवसांत काही झालं तर? मी नसताना?"

"झालं तर झालं. ताई असेल जवळ. तू मात्र त्यावरून पुढे स्वतःला खात बसायचं नाही. एवढं मला कबूल कर."

तिनं कबूल केलं नाही. शर्ट घेऊन उठली आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे हात जोडून बसली. "ह्यांना माझ्यापाशी..." एवढं आलं आणि पुढचं ओठांवर येईना. तिला वाटलं, हा माणूस आपल्या हाती दिला होता तो सांभाळायला. त्याच्या मालकीचा कागद काही कुणी करून दिला नव्हता. आजवर जे मागितलं ते त्याच्यासाठी मागितलं असं आपण समजत होतो, आणि त्यात आपलंच मागणं किती होतं. शेवटी म्हणाली, "जिथे असतील तिथे त्यांना आराम पडू दे." हे म्हणताना मनातला तराजू कुठे गेला, तिचं तिलाही कळलं नाही.

मग ती मशीनपाशी गेली. शर्टाची आतली बाजू वर केली आणि टिपेपासून एका बोटाची कड सोडून कात्री चालवली. कापडाचा तो आवाज तिनं आयुष्यभर ऐकला होता. आज तो फार मोठा वाटला. निळ्या रेघांच्या लांब पट्ट्या खाली पडल्या. उरलेली कड तिनं पातळ दुमडून हातानं शिवली, हाताची मागची बाजू आतून फिरवून बघितली. कुठे काही लागत नव्हतं. एकेक करत सगळे शर्ट झाले. पट्ट्या उचलून कपाटात ठेवाव्यात असं एकदा मनात आलं. पण तिनं केरसुणी घेतली आणि इतर कातरणांबरोबर त्याही झाडून टाकल्या.

मास्तरांना शर्ट घालून तिनं बटणं लावली. या वेळी मागे सरकून बघितलं नाही. "कबूल," ती म्हणाली.

मास्तरांनी दोन्ही हात वरखाली केले. "आता झाला शर्ट," ते म्हणाले आणि तिचा हात हातात घेऊन थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

शनिवारी शेजारच्या ड्रायव्हरची गाडी सांगितली. मागच्या सीटवर उशा रचून मास्तर, त्यांच्याजवळ ती. पुढे नणंदबाई, रस्ताभर ड्रायव्हरला गाडी चालवायला शिकवत. उतरताना तो बिचारा म्हणाला, "आजी, परत जाताना मला एकट्याला जमेल ना?"

नदीकाठच्या घरात मास्तर दोन दिवसांत निराळेच दिसू लागले. बरे नव्हेत, उलट जास्तच आजारी. दाढी वाढू दिली. कण्हावंसं वाटलं की मोठ्यानं कण्हत. चहा पाणचट झाला म्हणून बहिणीशी भांडत, आणि ती म्हणे, "तुला साहेबासारखा चहा हवा असेल तर गुंडी लावून ये." अर्धं ताट तसंच सारून ठेवत आणि कुणी काही म्हणत नसे. "आणखी एक घास" हे मास्तरीणबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

रविवारी संध्याकाळी ती पडवीत धुतलेले कपडे घडी करत होती. मास्तर आरामखुर्चीतून म्हणाले, "ये, इथे बस." ती बसली. ते नदीकडे बघत होते. "आज फार दुखतंय गं," ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत हे त्यांनी तिला पहिल्यांदा सांगितलं. थांबेल, बरं वाटेल, देव आहे ना, यातलं काहीही ती बोलली नाही. त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि अंधार पडेपर्यंत चेपत बसली. एवढ्या जवळ ते तिच्या कधी आलेच नव्हते, असं तिला वाटलं.

रात्र मास्तरांना जड गेली. सोमवारी सकाळी त्यांचा चेहरा उतरलेला होता, डोळे आत गेलेले. तिनं पिशवी भरली, तोंड धुतलं, आणि आरामखुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"येते मी."

"ये. गणवेशाच्या खिशांना दोन-दोन टिपा मार. पोरं वाटेल ते भरतात."

"माहीत आहे."

"आणि दुपारी थोडी आडवी होत जा."

तिनं मान हलवली. वाकून त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

नणंदबाई फाटकापर्यंत आल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, त्याचं आज बरं दिसत नाही. थांब हवं तर एक दिवस. तो काही म्हणायचा नाही."

तिनं मागे वळून पडवीकडे बघितलं. मास्तरांनी तोंड नदीकडे केलं होतं. ते ऐकत होते, हे तिला त्यांच्या मानेवरून कळलं.

"नको वन्सं. कबूल केलंय मी," ती म्हणाली. "शनिवारी येते."

पिशवी दुसऱ्या हातात घेऊन तिनं फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि बसथांब्याच्या रस्त्याला लागली.